अन्य भाषांत बोलणं आणि मंडळीतली एकी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अन्य भाषांत बोलणं म्हणजे प्रत्यक्षात काय घडतं?

शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला एखाद्या भाड्याच्या हॉलमध्ये जाऊन बघा. कोरस संपतो, कीबोर्डवाला एकच सूर धरून ठेवतो आणि तीस-चाळीस माणसं एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागतात. त्यात काहीजण मराठीत बोलता बोलता मध्येच अशा शब्दांवर जातात की ते मराठी नसतात, हिंदी नसतात आणि इंग्रजीही नसतात. डोळे मिटलेले, हात वर. दोन-चार मिनिटांनी तीच माणसं पुन्हा मराठीत येतात, "प्रभू, माझ्या लेकीच्या परीक्षेचं बघ" म्हणतात आणि सभा पुढे सरकते. प्रार्थना करणाऱ्याचं म्हणणं असं की शब्द माझ्या तोंडून आले, पण ते मी जुळवले नाहीत, पवित्र आत्म्याने दिले. बहुतेकांना आपण काय म्हणालो याचा अर्थ सांगता येत नाही. मात्र ते भानावर असतात. फोन वाजला तर बंद करतात, मूल रडलं तर उचलून घेतात.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी घडलं तेही हेच का?

पेन्टेकॉस्ट म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस. त्याची हकिगत बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तो नीट वाचला तर तिथलं चित्र वेगळं दिसतं. यरुशलेमेत देशोदेशीचे यहूदी जमले होते. पार्थी, मेदी, मिसरी, रोमी, अरब, अशी यादीच दिली आहे. गालीली माणसं बोलत होती आणि प्रत्येकाला ते आपल्या मायबोलीत ऐकू येत होतं. तिथे अर्थ सांगायला कोणी लागलं नाही.

करिंथच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, नेमकी उलट अडचण होती. बोलणारा बोलायचा आणि कोणालाच काही कळायचं नाही. म्हणून प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो की अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प बसा. काही अभ्यासक दोन्ही प्रकार एकच मानतात, काही वेगळे. मला वेगळे वाटतात. यावर वाद घालून कोणाचं भलं झालेलं मात्र पाहिलेलं नाही.

पौल बाजूने होता की विरोधात?

दोन्ही बाजू त्याच्याच पत्रातल्या ओळी काढून एकमेकांना दाखवतात, म्हणून हा प्रश्न जरा विस्ताराने घेऊ.

करिंथकरांस पहिलं पत्र हे मुळात भांडणं मिटवायला लिहिलेलं पत्र आहे. पहिल्याच अध्यायात गटबाजी आहे: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. सहाव्यात विश्वासणारे एकमेकांना कोर्टात खेचतात. अकराव्यात प्रभुभोजनालाही श्रीमंत आधी पोटभर जेवतात, पितात आणि गरीब उपाशी राहतात. अन्य भाषांचा विषय येतो तो या सगळ्यानंतर, बाराव्या ते चौदाव्या अध्यायात. म्हणजे हा विषय पौलापुढे 'आत्म्याने दिलेलं हे दान खरं की खोटं' असा आलेलाच नाही. ज्यांच्याकडे ते होतं ते मिरवत होते आणि इतरांना कमी लेखत होते, हे त्याचं दुखणं होतं.

बारावा अध्याय शरीराचा आहे. डोळा हाताला 'तुझी गरज नाही' असं म्हणू शकत नाही. चौदावा कामाचा आहे. पौल सांगतो की मी तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त अन्य भाषांत बोलतो, त्याबद्दल देवाचे आभार, पण मंडळीत दहा हजार न कळणाऱ्या शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द बरे. बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकामागून एक, आणि एकाने अर्थ सांगावा. बाहेरचा माणूस आत आला आणि सगळेच अन्य भाषांत बोलत असले तर तो तुम्हाला वेडे म्हणणार नाही का, असंही तो विचारतो. आणि शेवटी, मनाई करू नका. सगळं रीतसर होऊ द्या.

या दोन अध्यायांच्या मधोमध प्रीतीचा तेरावा अध्याय आहे. आपल्याकडे तो हमखास लग्नात वाचतात. वधू-वरांचं त्यात काही बिघडत नाही, पण मुळात तो लिहिला आहे एकमेकांशी फटकून वागणाऱ्या मंडळीसाठी, आणि त्याची पहिलीच ओळ माणसांच्या व देवदूतांच्या भाषांबद्दल आहे.

"अन्य भाषा आली नाही म्हणजे पवित्र आत्मा मिळालाच नाही," असं आमचे पास्टर सांगतात. हे बरोबर आहे?

ही काही पंथांची अधिकृत शिकवण आहे, सगळ्या ख्रिस्ती लोकांची नाही. १९१४ साली अमेरिकेत हॉट स्प्रिंग्ज इथे असेंब्लीज ऑफ गॉड हा संघ उभा राहिला. त्याने १९१६ च्या विश्वासनाम्यात आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे पवित्र आत्म्याने भरून जाण्याची, पहिली खूण म्हणजे अन्य भाषा, असं लिहिलं. कृत्यांमधल्या तीन प्रसंगांचा आधार दिला जातो: पेन्टेकॉस्ट, कर्नेल्याचं घर आणि इफिस. आधार पोकळ नाही. पण शोमरोनात आत्मा मिळाल्याची हकिगत आहे तिथे अन्य भाषांचा उल्लेखच नाही, आणि पौल बाराव्या अध्यायाच्या अखेरीस विचारतो की सगळेच अन्य भाषांत बोलतात का? त्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' हेच अपेक्षित आहे, हे त्याच्या आजूबाजूचे प्रश्न वाचले की कळतं. सगळेच प्रेषित आहेत का? सगळेच शिक्षक आहेत का? पेंटेकॉस्टल, म्हणजे अशा दानांवर भर देणाऱ्या पंथांचे, शिक्षक यावर म्हणतात की ते सभेतल्या दानाबद्दल आहे, वैयक्तिक खुणेबद्दल नाही. हा भेद करता येतो, पण तो पत्रात लिहिलेला नाही, बाहेरून आणावा लागतो.

माझं मत विचाराल तर भांडणाचं मूळ इथेच आहे. अन्य भाषा बोलल्याने मंडळी फुटत नाही. तिची मोजपट्टी केली की फुटते. आणि मोजपट्टी उलटीही लावता येते. 'ते ओरडणारे म्हणजे अडाणी लोक' असं जुन्या मंडळ्यांत चहाच्या वेळी सहज बोललं जातं, तीही मोजपट्टीच.

पण हे सगळं प्रेषितांबरोबरच संपलं नाही का?

असं मानणारे अनेक आहेत. प्रिन्स्टनचे ईश्वरविद्येचे प्राध्यापक बी. बी. वॉरफिल्ड यांनी १९१८ साली हा मुद्दा ठामपणे मांडला: चमत्कारिक दानं प्रेषितांची ओळख पटवायला होती, ते काम झालं. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान ख्रिसोस्तोम हा नामवंत उपदेशकही म्हणाला होता की पौल कशाबद्दल बोलतोय ते आपल्याला नीट कळत नाही, कारण त्या गोष्टी आता घडत नाहीत. उलट बाजूला दुसऱ्या शतकातला लियॉनचा बिशप इरेनियस आहे. आपल्या काळातले बांधव आत्म्याने नाना भाषा बोलतात असं तो लिहून गेला आहे.

उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याचं उत्तर मला सगळ्यांत आवडतं. लोक त्याला विचारत की आता आत्मा मिळाल्यावर कोणी अन्य भाषांत का बोलत नाही? तो म्हणे, ख्रिस्ताची मंडळी जगभर सगळ्या भाषांत बोलतेच आहे आणि तू तिच्यात असशील तर त्या सगळ्या भाषा तुझ्याच आहेत. विषय अन्य भाषांचा, पण त्याने तो नेला एकीवर.

हे अमेरिकेतून आपल्याकडे आलं ना?

पुण्याजवळच्या केडगावची गोष्ट माहीत असेल तर असं म्हणवणार नाही.

दुष्काळातून वाचवलेल्या मुली, विधवा, टाकलेल्या बायका मिळून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन हजारांच्या घरात माणसं होती. वेल्समधल्या संजीवनाच्या, म्हणजे विश्वास नव्याने जागा होण्याच्या लाटेच्या, बातम्या येत होत्या. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसायला बोलावलं, तेव्हा सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत तो आकडा साडेपाचशेवर गेला. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमाराला एका मोठ्या मुलीने मिशनरी मिनी अब्रॅम्स यांना उठवलं. तिच्या सोबतिणीवर आत्मा आला होता. तिच्या भोवती आग दिसली म्हणून ही पाण्याची बादली आणायला धावली होती, आणि ओतणार तोच लक्षात आलं की पोरगी जळत नाहीये. पुढे कित्येक दिवस शाळेचे वर्ग थांबले. मुली रडत, पापं कबूल करत, मोठमोठ्याने एकदम प्रार्थना करत.

१९०६ मध्ये मुक्तीत अन्य भाषाही ऐकू येऊ लागल्या. त्याच वर्षी लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटवर संजीवन सुरू झालं होतं, पण तिथले मिशनरी हिंदुस्थानात येण्याआधी हे घडलं होतं. जवळच दौंडला मुलांचा आश्रम चालवणारे अल्बर्ट नॉर्टन यांनी लिहिलं आहे की मुक्तीत एक बाई इंग्रजीत प्रार्थना करताना त्यांनी ऐकली, आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. त्यांचा हा वृत्तांत पुढे अझुसा स्ट्रीटच्याच वर्तमानपत्रात छापून आला. म्हणजे बातम्यांची ये-जा दोन्हीकडून होती. अब्रॅम्सबाईंनी लिहिलेली पुस्तिका तर चिलीपर्यंत गेली. ती गोष्ट खाली आहे.

रमाबाई स्वतः अन्य भाषांत बोलत होत्या का?

तशी नोंद नाही. आणि म्हणूनच त्यांची भूमिका पाहण्यासारखी आहे. स्वतःला तो अनुभव नसताना त्या आपल्या मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या. काही मिशनऱ्यांनी हा गोंधळ आहे, भावनांचा उमाळा आहे अशी टीका केली. रमाबाईंनी १९०७ मध्ये 'मुक्ती प्रेअर बेल' या आपल्या पत्रिकेतून उत्तर दिलं. त्याचा आशय असा: आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव आणि सगळ्यांत आवश्यक खूण म्हणजे दैवी प्रीती, मात्र रोग बरे करणं, अन्य भाषांत बोलणं, संदेश देणं ही दानं टाकून द्यायची नाहीत.

ही भूमिका त्यांच्या एकूण स्वभावाला धरूनच होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन पद्धतीने झाला, पण पंथाचा शिक्का त्यांनी कधी मिरवला नाही. ख्रिस्ती जगातले इतके पंथ पाहून आपण गोंधळून गेलो, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. मुक्तीची मंडळी त्यांनी कोणत्याच पंथाच्या दावणीला बांधली नाही.

न शिकलेली परदेशी भाषा खरंच बोलता येते?

सुरुवातीच्या पेंटेकॉस्टल लोकांची तशी खात्री होती. कॅन्ससमधल्या टोपेकात बायबल शाळा चालवणारे चार्ल्स पारहॅम मानत की आता मिशनऱ्यांना भाषा शिकायची गरजच नाही. १ जानेवारी १९०१ रोजी त्यांची विद्यार्थिनी अ‍ॅग्नेस ओझमन अन्य भाषेत बोलली, तेव्हा ती चिनी असल्याचं सांगितलं गेलं.

मग आले आल्फ्रेड गार. अझुसा स्ट्रीटवर त्यांना अनुभव आला आणि आपण बोलतो ती बंगाली आहे अशी त्यांची समजूत झाली. नवरा-बायकोने १९०७ च्या सुरुवातीला कलकत्ता गाठलं. बंगाली काही आली नाही.  पण गार परतले नाहीत. तिथल्या मिशनऱ्यांमध्ये इंग्रजीतून सभा घेतल्या, आणि अन्य भाषा ही प्रचाराची सोय नसून प्रार्थनेची भाषा आहे, या मताकडे ते वळले. आज बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांत हेच मानलं जातं.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम समारिन यांनी अशा बोलण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९७२ मध्ये निष्कर्ष काढला की बोलणारा आपल्याच भाषेतले ध्वनी उचलून नव्याने रचतो, पण त्यातून अर्थ आणि व्याकरण असलेली भाषा बनत नाही. मात्र हा वेडाचार आहे किंवा बोलणाऱ्यावर कसली मोहिनी पडलेली असते, हेही त्यांना मान्य नव्हतं. नॉर्टन यांच्यासारख्या साक्षी एकीकडे, हा निष्कर्ष दुसरीकडे. दोन्ही समोर ठेवतो, जुळवून देत नाही.

हा मानसिक आजार तर नाही?

नाही. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात अँड्र्यू न्यूबर्ग यांच्या गटाने २००६ मध्ये पाच स्त्रियांच्या मेंदूचं चित्रण केलं. भक्तिगीत गाताना आणि अन्य भाषांत बोलताना, अशी तुलना होती. बोलताना मेंदूच्या पुढच्या भागातलं काम कमी झालेलं दिसलं, म्हणजे 'मी मुद्दाम करत नाही' या त्यांच्या सांगण्याशी जुळणारं. पाचच जणी होत्या, त्यामुळे याच्यावर इमले बांधू नयेत. आत्मा आहे की नाही हे यंत्रात दिसत नाही, हे तर उघडच आहे.

यावरून मंडळ्या खरंच फुटल्या आहेत का?

भरपूर. चिलीतल्या वालपराइसो शहरात विलिस हूवर हे मेथडिस्ट मिशनरी होते. त्यांच्या पत्नीची मिनी अब्रॅम्स यांच्याशी शिकागोतल्या शिक्षणापासूनची ओळख, म्हणून १९०७ मध्ये केडगावची ती पुस्तिका त्यांच्या हाती पडली. १९०९ मध्ये तिथेही संजीवन आलं. वरिष्ठांना ते शिस्तीत बसणारं वाटलं नाही, आणि १९१० मध्ये हूवर व त्यांची माणसं बाहेर पडली. चिलीतली पेंटेकॉस्टल चळवळ तिथून सुरू होते.

त्याच १९०९ साली जर्मनीत इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी बर्लिनमध्ये जाहीरनामा काढला की हा आत्मा वरचा नव्हे, खालचा आहे. दोन्ही गट एकच बायबल वाचणारे, एकाच गावात राहणारे. पुढची ८७ वर्षं त्यांच्यात जवळजवळ बोलणं नव्हतं. १९९६ मध्ये त्यांच्या वारसांनी एकत्र निवेदन काढून तो विषय मागे टाकला.

आणि अन्य भाषांवर एकमत असलं म्हणजे एकी राहते, असंही समजू नका. असेंब्लीज ऑफ गॉडमध्ये सगळेच अन्य भाषा मानणारे होते. तरी १९१६ मध्ये बाप्तिस्मा त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) नावाने द्यायचा की फक्त येशूच्या नावाने, यावरून त्यांचे जवळजवळ चौथा हिस्सा सेवक बाहेर पडले.

आणि एकी झाल्याचं उदाहरण?

अझुसा स्ट्रीट. १९०६ मध्ये अमेरिकेत काळे-गोरे एका बाकावर बसत नव्हते, तेव्हा पूर्वी गुलाम असलेल्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या विल्यम सेमूर यांच्या सभेत ते एकत्र गुडघे टेकत होते. हे पाहून पारहॅमच संतापले. आपल्याच शिष्याच्या सभेची त्यांनी निंदा केली. पुढे ती एकी टिकली नाही. गोऱ्यांचे संघ वेगळे, काळ्यांचे वेगळे झाले. थेट १९९४ मध्ये मेंफिस शहरात गोऱ्या पेंटेकॉस्टल पुढाऱ्यांनी माफी मागितली आणि आपला जुना, फक्त गोऱ्यांचा महासंघ मोडून काळ्या मंडळ्यांसह नवा केला. त्या सभेत एका गोऱ्या पाळकाने काळ्या बिशपचे पाय धुतले.

आणखी एक, आपल्याच देशातलं. १९६१ मध्ये निरनिराळ्या पंथांच्या जागतिक चर्च परिषदेचं अधिवेशन नवी दिल्लीला भरलं, तिथे चिलीच्या दोन पेंटेकॉस्टल मंडळ्या सभासद झाल्या. केडगावहून निघालेलं पत्रक चिलीला गेलं आणि तिथली माणसं जुन्या मंडळ्यांशी हात मिळवायला हिंदुस्थानात आली, हे कोणी मुद्दाम जुळवलं नव्हतं.

कॅथलिकांमध्येही असं असतं?

असतं. फेब्रुवारी १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातल्या काही जणांच्या शिबिरापासून कॅथलिक करिश्माई (आत्म्याच्या दानांवर भर देणारी) चळवळ धरली जाते. आज मुंबई-वसईपासून केरळच्या मुरिंगूरपर्यंत अशा प्रार्थनासभा, शिबिरं चालतात. कॅथलिक ख्रिस्तसभेने ही चळवळ बंद पाडली नाही, आपल्या छत्राखाली घेतली.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं काय?

१९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन हे चर्च बनलं तेव्हा बोलणी बिशपपद, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनावर अडत होती. बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही ठेवून त्यांनी वाट काढली. दोन रीती एका छताखाली राहू शकतात याचा इतका मोठा पुरावा आपल्याच राज्यात असताना, अन्य भाषांसाठी तीच वाट का चालत नाही, असं मला राहून राहून वाटतं.

आमच्या मंडळीत काहीजण बोलतात, काहींना ते खपत नाही. काय करावं?

रविवारची मुख्य उपासना आणि आठवड्यातली प्रार्थनासभा यांचे नियम वेगळे ठेवा. रविवारी पाहुणे, मुलं, म्हातारी माणसं असतात, तिथे पौलाचा नियम जसाच्या तसा: दोघं-तिघं, पाळीपाळीने, अर्थ सांगणारा असेल तर. प्रार्थनासभेत जास्त मोकळीक द्या, पण माइक समोर धरून अन्य भाषेत बोलणं टाळा. माइकवरचं बोलणं सगळ्यांसाठी असतं आणि ते सगळ्यांना कळायला हवं.

पंचकमिटी किंवा वडील निवडताना 'अन्य भाषा येते का' हा प्रश्न विचारू नका. येते म्हणून घेऊ नका आणि येते म्हणून डावलूही नका. प्रभुभोजनाच्या मेजावर तर हा विषय अजिबात आणायचा नाही. हे नियम पाळकांनी एकट्याने ठरवू नयेत. दोन्ही बाजूंची माणसं बसवून, लिहून, सह्या घेऊन ठेवावेत. नाहीतर पाळक बदलले की भांडण पुन्हा पहिल्यापासून.

"जीभ सैल सोड, मी म्हणतो ते म्हण," असं शिकवतात. हे योग्य आहे?

मला पटत नाही. कृत्यांमध्ये कोणी कोणाला शब्द घोकायला लावल्याचं दिसत नाही. डोक्यावर हात ठेवून 'बोल, बोल' म्हणत बसलं की पंधरा-सोळा वर्षांची पोरं सुटका व्हावी म्हणून काहीतरी बोलतात आणि मग वर्षभर मनात खातात की आपण खोटं केलं. अनेक पेंटेकॉस्टल पास्टरच या पद्धतीला विरोध करतात. तुमच्या मुलावर असा दबाव आला तर सेवकांशी सरळ बोला.

मी जुन्या मंडळीची, लग्न करून आले ते पेंटेकॉस्टल घरात. सासूबाई रोज विचारतात, "तुला आत्मा मिळाला का?" काय सांगू?

वाद घालू नका. सासूबाईंनाच विचारा की तुम्हाला पहिल्यांदा हा अनुभव कधी आला, कुठे, सोबत कोण होतं. बहुतेकींना ते सांगायला आवडतं आणि कोणी मनापासून विचारलेलं नसतं. मग तुमचं सांगा: दृढीकरण कोणत्या देवळात झालं, आजीने कोणती उपासना-संगीतातली गीतं शिकवली. प्रश्न तरीही आलाच, तर रमाबाईंचं उत्तर हाताशी आहे. त्यातला दुसरा भागही सांगायला विसरू नका, दानं टाकून द्यायची नाहीत हा. सासूबाईंना तो ऐकायचा असतो. आणि घरातल्या प्रार्थनेत त्या अन्य भाषेत बोलू लागल्या तर उठून स्वयंपाकघरात जाऊ नका. बसून राहा, आपली प्रार्थना मराठीत चालू ठेवा.